रस्ता खोदताना निघाले दगडी खांब: यवतमाळची भूविविधता मोजायची कशी आणि कशासाठी?

जून २०२१. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-पांढरकवडा पट्ट्यात, शिबला-पार्डी गावाजवळ रस्त्याचं काम सुरू होतं. खोदकामात माती आणि मुरूम बाजूला झाला आणि आतून दगडाचे खांब दिसू लागले. एकाला एक चिकटून उभे, कडा रेखीव, बहुतेकांना पाच-सहा बाजू. एखाद्या जुन्या मंदिराचे खांब पुरले गेले असावेत, असंच पाहणाऱ्याला वाटावं.

चंद्रपूरचे पर्यावरण आणि भूशास्त्र अभ्यासक सुरेश चोपणे यांनी पाहणी करून सांगितलं, की हे माणसाने घडवलेले खांब नाहीत. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तयार झालेला हा स्तंभाकार बेसाल्ट आहे. बातमी देशभर गेली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. काही दिवसांनी चर्चा थांबली.

पण एक प्रश्न तसाच राहिला. रस्ता शंभर फूट अलीकडून गेला असता, तर हे खांब कोणाला कळले असते का? आणि जिल्ह्यात असं आणखी काय दडलंय, हे शोधण्यासाठी आपण प्रत्येक वेळी जेसीबीचीच वाट पाहायची का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला एक शब्द उपयोगी पडतो. तो शब्द म्हणजे भूविविधता.

भूविविधता म्हणजे काय?

जैवविविधता हा शब्द आपल्याला शाळेपासून माहीत आहे. झाडं, प्राणी, पक्षी, कीटक यांची विविधता. भूविविधता ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. खडक, खनिजं, जीवाश्म, माती, डोंगर-दऱ्यांचे आकार, नद्या, झरे, भूजल आणि हे सगळं घडवणाऱ्या प्रक्रिया, यांची विविधता म्हणजे भूविविधता.

ब्रिटिश अभ्यासक मरे ग्रे यांचं याच नावाचं पुस्तक २००४ साली आलं आणि ही कल्पना जगभर रुळली. २०२१ मध्ये युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन म्हणून जाहीर केला.

यामागचा विचार अगदी साधा आहे. कुठे कोणतं झाड येईल, कुठे कोणतं पीक जगेल, विहिरीला किती हातांवर पाणी लागेल आणि ते पिण्याजोगं असेल का, हे सगळं शेवटी खालच्या दगडावर ठरतं. वऱ्हाडातला शेतकरी 'भारी जमीन', 'हलकी जमीन', 'बरड' असे शब्द वापरतो, तेव्हा तो भूविविधतेबद्दलच बोलत असतो.

यवतमाळमध्ये असं वेगळं काय आहे?

यवतमाळ म्हटलं की डोळ्यांपुढे काळी माती आणि पऱ्हाटी येते. ते चित्र खरं आहे, पण अर्धंच.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १३,५८२ चौरस किलोमीटर आहे. उत्तर आणि पूर्वेकडून वर्धा नदी वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा. दोघींचा संगम वणी तालुक्यात जुगादजवळ होतो. पुढे वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याच्या पुढे गोदावरीत जाते. म्हणजे अख्खा जिल्हा सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या गोदावरी खोऱ्याचा एक तुकडा आहे.

महाराष्ट्राचा जवळपास चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाने झाकलेला आहे. यवतमाळचा बहुतांश भागही तसाच. पण पूर्वेला वणी, मारेगाव, झरी जामणीकडे गेलात की लाव्हाची ही चादर संपत जाते आणि तिच्या खालचे जुने थर उघडे पडतात. एखाद्या पुस्तकाची मागची पानं उलगडावीत तसे.

पहिलं पान चुनखडीचं. भूवैज्ञानिक या खडकांना पैनगंगा समूह म्हणतात. हे खडक इतके जुने आहेत की ते तयार झाले तेव्हा जमिनीवर ना झाड होतं, ना प्राणी. समुद्राच्या तळाशी हा चुना साचला. आज मुकुटबन भागात सिमेंट कारखाना आहे, तो याच चुनखडीमुळे.

दुसरं पान बर्फाचं. विदर्भात बर्फ? हो. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ, गोंडवन या महाखंडाचा भाग होता. त्या काळातल्या हिमनद्यांनी वाहून आणलेले दगडगोटे आणि चिखल म्हणजे तालचीर थर. संगमाच्या पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ चुनखडीच्या पृष्ठभागावर हिमनदीने पाडलेले ओरखडे दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी १८७५ साली त्याबद्दल लिहिलं होतं. ४७ अंशांच्या उन्हात तापणाऱ्या प्रदेशात हिमयुगाचा पुरावा आहे तो असा.

तिसरं पान कोळशाचं. बर्फ वितळल्यावर इथे दलदल आणि घनदाट झाडी झाली. ती गाळाखाली गाडली गेली आणि तिचा कोळसा झाला. १८७७ मध्ये ह्यूज यांनी वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर सविस्तर ग्रंथ लिहिला. आज उकणी, निलजई, कोलारपिंपरी, घोन्सा या वणी परिसरातल्या खदानी त्याच कोळशावर चालतात.

चौथं पान लाव्हाचं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे मोठे उद्रेक झाले. लाव्हाचा एक थर वाहून गेला की मध्ये काही काळ शांतता असे. त्या शांततेत तळी साचत, त्यात शंखवाले जीव वाढत. मग पुढचा लाव्हा येऊन ते तळं झाकून टाकी. पांढरकवडा, झरी या भागांत शंखांचे जीवाश्म सापडतात ते अशाच थरांमध्ये.

याखेरीज उमरखेडकडे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. पैनगंगेच्याच खोऱ्यात, नांदेडच्या बाजूला उनकेश्वर आणि यवतमाळच्या बाजूला कापेश्वर इथे गरम पाण्याचे झरे आहेत. हे झरे म्हणजे जिवंत ज्वालामुखी नव्हे. खोल भेगांतून खाली गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. पण त्यासाठी भेगा खोल लागतात आणि त्या कुठे आहेत, हे कळणं महत्त्वाचं असतं.

एकाच जिल्ह्यात प्राचीन समुद्र, हिमनदी, दलदल आणि लाव्हा, अशा चारही गोष्टींचे पुरावे मिळणं ही रोजची गोष्ट नाही.

मग ते खांब कसे तयार झाले?

लाव्हाचा जाड थर साचला की तो वरून आणि खालून हळूहळू थंड होतो. थंड होताना आकसतो. आकसला की भेगा पडतात. उन्हाळ्यात तळ्याचा तळ सुकला की चिखलाला भेगा पडून तुकडे होतात, तसंच काहीसं. लाव्हा सगळीकडे सारख्या वेगाने थंड झाला, तर भेगा एकमेकींना साधारण १२० अंशांच्या कोनात मिळतात आणि षटकोन तयार होतात. भेगा जसजशा आत जातात, तसतसे त्या षटकोनांचे खांब होतात.

उत्तर आयर्लंडमधल्या अशाच खांबांना, 'जायंट्स कॉजवे'ला, युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा दर्जा दिला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रकारची आहे. तिला १९५२ मध्ये संरक्षण मिळालं आणि २००७ मध्ये महापालिकेच्या वारसा यादीत जागा मिळाली. तरी आज ती चारही बाजूंनी इमारती आणि वस्तीने वेढलेली आहे. फक्त कागदावर नाव चढल्याने दगड वाचत नाही, याचं ते मुंबईतलं उदाहरण.

एवढ्या मोठ्या खोऱ्याची भूविविधता मोजतात कशी?

इथे आपल्याला थोडं ब्राझीलला जावं लागेल. अ‍ॅमेझॉनची एक मोठी उपनदी आहे, शिंगू. तिचं खोरं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोदावरी खोऱ्यापेक्षाही मोठं. जंगल, आदिवासी वस्त्या, खाणी आणि बेलो मोंते हे प्रचंड धरण, सगळं त्याच खोऱ्यात. ब्राझील आणि पोर्तुगालच्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये या संपूर्ण खोऱ्याच्या भूविविधतेचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे.

१. खोऱ्याचे उपलब्ध नकाशे घ्यायचे. खडकांचा, भूरूपांचा, मातीचा, जीवाश्मांचा, खनिजांचा, नद्यांचा.

२. त्यावर सारख्या आकाराच्या चौकोनांची जाळी टाकायची.

३. प्रत्येक चौकोनात किती प्रकारचे खडक, किती प्रकारची माती, किती भूरूपं, किती खनिजं आहेत, ते मोजायचं.

४. सगळ्यांची बेरीज करायची. ज्या चौकोनाची बेरीज जास्त, तिथली भूविविधता जास्त. मग त्याप्रमाणे नकाशा रंगवायचा.

हेच यवतमाळवर करून पाहू. समजा, १० बाय १० किलोमीटरचे चौकोन घेतले. जिल्ह्यात साधारण दीडशे चौकोन बसतील. दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या पठारी चौकोनात खडक एकच, बेसाल्ट. मातीचे दोन-तीन प्रकार, पठार आणि नाल्याचं खोरं. बेरीज लहान. वणीजवळच्या चौकोनात मात्र चुनखडी, तालचीर, कोळशाचे थर, वालुकाश्म, वर बेसाल्ट, नदीकाठचा गाळ, त्यात दोन मोठ्या नद्यांचा संगम. बेरीज कितीतरी मोठी. हा हिशोब फक्त पद्धत समजण्यासाठी आहे, पण कल उघड आहे. जिल्ह्याच्या नकाशावर पूर्वेचा पट्टा गडद रंगात दिसेल.

नकाशात काय निसटतं?

गडद रंग म्हणजे महत्त्वाचं आणि फिका रंग म्हणजे बिनमहत्त्वाचं, असा अर्थ काढला तर मोठी चूक होईल.

पहिली अडचण प्रमाणाची. सर्वेक्षणाचे नेहमीचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे असतात. म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर कागदावर एक मिलिमीटर. शिबला-पार्डीचे खांब अशा नकाशावर पेनाच्या टोकाएवढे. शिवाय नकाशासाठी तेही बेसाल्टच. एकाच रंगात बुडालेले. म्हणजे ज्या दगडांमुळे जिल्हा बातम्यांत आला, तेच दगड या पद्धतीत शून्य गुण मिळवतील. म्हणून अशा नकाशाला गावोगावच्या नोंदींची जोड लागते. गुराखी, विहीर खोदणारे, शिक्षक, वनरक्षक यांना जे माहीत असतं, ते उपग्रहाला दिसत नाही.

दुसरी अडचण मोजणीची. प्रकारांची संख्या म्हणजे मोल नव्हे. दारव्ह्याच्या चौकोनात एकच खडक असेल, पण त्यापासून झालेल्या मातीवर हजारो कुटुंबं जगतात. तिथली विविधता उभी असते. माथ्यावर वीतभर मुरमाड जमीन आणि उतारावरून खाली आलं की कंबरभर काळी. पाऊस पंधरा दिवस थांबला की माथ्यावरची कपाशी आधी माना टाकते आणि खालची तग धरते. दोन्ही शेतांवर कर्ज मात्र सारखंच असतं. कोरडवाहू शेतीच्या संकटाबद्दल यवतमाळचं नाव देशभर घेतलं जातं. त्यात भाव आणि सावकारीइतकीच जमिनीची खोलीही बघायला हवी.

तिसरी अडचण जास्त नाजूक. खजिन्याचा नकाशा राखणदारालाही उपयोगी पडतो आणि घेऊन जाणाऱ्यालाही.

यात सामान्य माणसाचं काय अडलंय?

सगळ्यात थेट उत्तर आहे पाणी.

यवतमाळ हा महाराष्ट्रातल्या फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडवरचं संशोधन २००७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं होतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडं आखडतात.

हे फ्लोराइड कोणी कारखान्यातून सोडलेलं नाही. ते दगडातून येतं. साधारणपणे पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ खडकाच्या सहवासात, तितकं त्यात फ्लोराइड उतरण्याची शक्यता जास्त. जुनी उथळ विहीर आटली म्हणून गावात खोल बोअर मारला जातो, हापशीला भरपूर पाणी येतं, गाव खूश होतं. पण तो बोअर वरचा बेसाल्ट भेदून खालच्या जुन्या थरात गेला असेल, तर पाण्याचा स्वभावच बदललेला असतो. चवीवरून ते कळत नाही. म्हणून शेजारच्या दोन गावांत, कधी एकाच गावातल्या दोन हापशांत, एक पाणी चांगलं आणि दुसरं आजार देणारं असं घडतं.

झरी जामणी, केळापूर भागातल्या टेकड्यांवर कोलाम समाजाचे पोड आहेत. अशा ठिकाणी टँकर उशिरा पोहोचतो आणि पाणी तपासणी त्याहून उशिरा. कुठल्या खोलीवर कोणता खडक लागतो, याचा गावपातळीवरचा नकाशा हातात असेल, तर बोअर कुठे आणि किती मारायचा हे आधी ठरवता येईल.

दुसरं उत्तर आहे खदानींचं. वणीचा पट्टा भूविविधतेत श्रीमंत आहे आणि नेमका तोच सगळ्यात जास्त खोदला जातोय. कोळसा आणि चुनखडीने रोजगार दिला, हे खरंच आहे. त्याबरोबर धूळ आली, शेतं गेली, विहिरींची पातळी बदलली. उघड्या खदानीत कोट्यवधी वर्षांचे थर एका भिंतीत दिसतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगला वर्ग मिळणार नाही. पण खदान संपली की ती भरली जाते किंवा तिच्यात पाणी साचतं आणि ती भिंत कायमची जाते. काय निघालं याचा हिशोब टनांत राहतो, काय गेलं याचा कुठेच नाही.

तिसरं उत्तर धरणांचं. पैनगंगेवरचा निम्न पैनगंगा प्रकल्प अनेक वर्षं वादात आहे आणि बुडणाऱ्या गावांचा विरोध आहे. अशा प्रकल्पात बाधित घरं, शेतं, झाडं मोजली जातात. खडक आणि झरे त्या यादीत क्वचितच असतात.

कायदा काय म्हणतो?

पुरातन मंदिर सापडलं तर १९५८ चा पुरातत्त्व कायदा आहे. दुर्मीळ झाड किंवा प्राणी सापडला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आणि २००२ चा जैवविविधता कायदा आहे. दुर्मीळ दगड सापडला तर?

बेसाल्ट हा कायद्याच्या भाषेत गौण खनिज आहे. मुरूम, वाळू, गिट्टी यांच्या रांगेतला. परवाना घेऊन, स्वामित्वधन भरून तो फोडता येतो. क्रशरसाठी षटकोनी खांब आणि साधा काळा पाषाण यांत काही फरक नाही.

ही उणीव भरून काढायला केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला. स्थळ घोषित करणं, नुकसान करणाऱ्याला दंड आणि तुरुंगवास, अशा तरतुदी त्यात होत्या. सगळे अधिकार भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे एकवटतील आणि राज्यांना, स्थानिकांना फारसं स्थान राहणार नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला.

दरम्यान जग पुढे गेलंय. एप्रिल २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कांची संख्या ५० देशांत २२९ झाली. त्या यादीत भारताचं एकही नाव नव्हतं.

मग करता येण्यासारखं काय आहे?

यासाठी सगळं शून्यातून सुरू करावं लागत नाही. खडकांचे नकाशे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहेत. भूजलाच्या नोंदी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहेत. मातीचे नकाशे बनवणारी राष्ट्रीय संस्था तर नागपुरातच आहे. हे थर एकावर एक ठेवायचे आहेत. त्याला तंत्रज्ञानापेक्षा कार्यालयांनी एकमेकांशी बोलण्याची गरज जास्त आहे.

दुसरं, गौण खनिजांचे परवाने देण्याआधी प्रत्येक जिल्ह्याला जिल्हा सर्वेक्षण अहवाल तयार करावा लागतो. आज त्यात कुठे किती वाळू, किती दगड काढता येईल याचा हिशोब असतो. त्याच अहवालात 'इथे काढू नये' असा एक रकाना वाढवला, तर नवा कायदा येईपर्यंतही बरंच काही वाचेल.

तिसरं, पैसा. खाणपट्ट्यांतून जमा होणारा निधी जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे येतो, तो बाधित भागासाठीच असतो आणि पिण्याचं पाणी हा त्यातला प्राधान्याचा विषय आहे. वणी-झरीच्या गावांचा खडक आणि पाण्याचा नकाशा हा त्याचा रास्त उपयोग ठरेल.

आणि चौथं, गावातलं कुतूहल. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान झालंय. शिबला-पार्डीलाही एक कुंपण, एक फलक आणि शाळेची एक सहल एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

तोपर्यंत एक काम तुम्हालाही करता येईल. तुमच्या गावात विहीर खोदताना, रस्ता कापताना, नाला रुंद करताना वेगळा दगड, शंखाचा ठसा, खांबासारखा आकार दिसला, तर फोडू नका आणि घरीही नेऊ नका. फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद ठेवा आणि तहसील कार्यालय किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. आणि गावात नवा बोअर मारला गेला, तर त्याच्या पाण्याची फ्लोराइड तपासणी झाली का, एवढं ग्रामसभेत नक्की विचारा.